दुर्गंधाचा माग : इमारतीतील बिघडलेल्या हवेचा शोध आणि उपाय

इमारतीत दुर्गंध येत असल्याची तक्रार पुढे आली की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय फिनेलचा होतो, दुसरा उदबत्तीचा किंवा सुगंधी फवाऱ्याचा आणि तिसरा भिंतीला रंगाचा नवा हात देण्याचा; आणि हे तिन्ही करूनही वास परतला की ‘या जागेला वासच आहे’ असे म्हणून रहिवासी त्याची सवय करून घेतात. ही सवय दोन कारणांनी घातक ठरते. एक तर ज्या वाटेने दुर्गंध आत येतो त्याच वाटेने ओल, जंतू आणि विषारी वायूही येऊ शकतात. आणि दुसरे म्हणजे सतत येणारा वास काही मिनिटांतच जाणवेनासा होणे हा मानवी घ्राणेंद्रियाचा धर्म असल्यामुळे, वास कमी झाला असे वाटणे आणि तो खरोखर कमी होणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध उरत नाही.

दुर्गंधाच्या कोणत्याही तक्रारीत तीन गोष्टी स्वतंत्रपणे शोधाव्या लागतात. वासाचे द्रव्य जेथे तयार होते तो उगम, तेथून माणसांच्या नाकापर्यंत हवा पोहोचवणारी वाट, आणि त्या वाटेने हवेला ढकलणारा किंवा ओढणारा दाबातील फरक, म्हणजे रेटा. तिन्ही एकत्र आल्याशिवाय तक्रार उद्भवत नाही. म्हणूनच तळमजल्यावरच्या चेंबरमधील वास सातव्या मजल्यावरच्या शयनगृहात येतो आणि मधल्या मजल्यांवर त्याचा मागमूसही नसतो. किंवा वास फक्त रात्री स्वयंपाकाच्या वेळी येतो आणि दिवसा तपासणीसाठी आलेल्या माणसाला काहीच सापडत नाही. उगमाचा शोध घेणारे पुष्कळ भेटतात. वाटेचा आणि रेट्याचा शोध घेणारे थोडे, आणि बहुतेक तपासण्या तेथेच फसतात.

मुंबई-पुण्याच्या सदनिकांतील दुर्गंधाचे सर्वांत सामान्य उदाहरण नहाणी ट्रॅपचे आहे. न्हाणीघरातील जाळीखाली बसवलेल्या या भांड्यात थोडे पाणी कायम साचून राहील अशी त्याची घडण असते, आणि सुमारे ५० मिलिमीटर खोलीचे ते पाणी सांडपाण्याच्या नळातील हवा घरात येऊ देत नाही. पाण्याचा हा अडसर संडासाला जोडण्याची कल्पना जुनी आहे; लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली वाकड्या नळीच्या संडासाचे पेटंट घेतले, आणि आजचे सारे ट्रॅप त्याच तत्त्वावर चालतात. या अडसराची ताकद किती, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीचा दाब साधारण १० पास्कल भरतो, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी सुमारे ५०० पास्कल फरकाला तोंड देऊ शकते. उलट दारांना फटी असलेल्या नेहमीच्या घरात एक्झॉस्ट पंख्यामुळे आतला दाब घटतो तो काही पास्कलांनी, फार तर काही दहा पास्कलांनी. ट्रॅप भरलेला असेल तर पंखा त्यातून गटाराची हवा ओढू शकत नाही. पण पाणी एकदा आटले की तोच पंखा गटाराची हवा घरात आणणारे यंत्र बनतो. आणि स्वयंपाकघरातील विद्युत चिमणी, जी तासाला हजार घनमीटरच्या आसपास हवा बाहेर फेकण्याची क्षमता सांगते, ती खिडक्या बंद असताना बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई जेथून मिळेल तेथून करून घेते. रात्री स्वयंपाकाच्या वेळीच दुर्गंध येण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

पाणी आटते ते मुख्यतः वापराअभावी. पाहुण्यांच्या न्हाणीघरातील, कोरड्या बाल्कनीतील किंवा कुलूपबंद सदनिकेतील ट्रॅप उन्हाळ्यात काही आठवड्यांत कोरडा पडू शकतो. त्यात एक तांब्या पाणी आणि त्यावर चमचाभर गोडेतेल टाकले की तेलाचा पातळ थर बाष्पीभवन रोखतो, आणि दीर्घकाळ घर बंद ठेवणाऱ्यांसाठी याहून स्वस्त उपाय नाही. मात्र रोज वापरातल्या ट्रॅपमधले पाणीही जाऊ शकते. वरच्या मजल्यावरून एकदम पुष्कळ पाणी सोडले गेले आणि गच्चीपर्यंत जाणारा व्हेंट पाइप पक्ष्यांच्या घरट्याने किंवा नंतर बांधलेल्या छपराने बंद झालेला असला, तर उतरत्या पाण्यामागे निर्माण होणारे शोषण खालच्या ट्रॅपमधले पाणी ओढून नेते. जाळीत अडकलेल्या केसांच्या किंवा दोऱ्यांच्या गुंतवळ्यातूनही पाणी वातीसारखे थेंबाथेंबाने निघून जाते. शिवाय ट्रॅप शाबूत असूनही त्याला वळसा घालणाऱ्या वाटा असतात, आणि त्या नजरेआड राहतात. सिंकखालचा लवचीक पाइप भिंतीतल्या जाड नळात नुसता खोचलेला असतो आणि दोहोंमधली गोल फट कोणी बुजवलेली नसते. कपडे धुण्याच्या यंत्राची नळी तशीच सोडलेली असते. कमोडच्या बुडाशी पांढऱ्या सिमेंटला केसासारखी चीर गेलेली असते. आणि वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी बसवणाऱ्याने सोयीसाठी थेट सांडपाण्याच्या नळाला जोडलेली असते. या शेवटच्या प्रकारात दुर्गंध थंड हवेबरोबर येतो, लोक यंत्र पुन्हापुन्हा धुवून घेतात आणि नळीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

अशा वाटा शोधायला महागडी उपकरणे लागतात असे नाही. सर्व पंखे आणि चिमणी चालू ठेवून, खिडक्या लावून, पेटलेली उदबत्ती प्रत्येक जाळीजवळ, सिंकखाली आणि डक्टच्या झडपेपाशी धरली की धूर कोणत्या बाजूला झुकतो ते दिसते, आणि नळातून हवा आत येत असेल तर तेथे धूर खोलीकडे फेकला जातो. संशयास्पद जाळी प्लास्टिक आणि चिकटपट्टीने रात्रभर बंद करून सकाळी पट्टी सोडताना वास घेणे हा दुसरा मार्ग. एकेक जाळी करत गेले की यादी लवकर आखूड होते. जुन्या प्लंबरांची पेपरमिंटची चाचणी त्याहून नेमकी आहे. गच्चीवरच्या व्हेंट पाइपमध्ये पेपरमिंटचे तेल आणि त्यामागून गरम पाणी ओततात आणि खाली घराघरांत दुसरी माणसे तो वास शोधतात. तेल ओतणाऱ्याच्या हाताला, कपड्यांना तो वास लागलेला असल्यामुळे त्याने चाचणी संपेपर्यंत इमारतीत पाऊल टाकायचे नाही, हा तिच्यातला कडक नियम.

चाचण्यांच्या आधी मात्र विचारपूस हवी. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था यांनी १९९१ साली इमारतीतील हवेविषयी जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यात प्रदूषणाचा उगम, वायुवीजन यंत्रणा आणि हवेच्या वाटा यांच्या बरोबरीने इमारतीत राहणारी माणसे हा चौथा घटक मानलेला आहे, आणि ते योग्यच आहे. वास कधी येतो, कोणत्या खोलीत प्रथम जाणवतो, त्या वेळी कोणते पंखे चालू होते, पाऊस पडत होता का, वारा कोणीकडचा होता, याची दोन आठवड्यांची नोंद वहीत ठेवली तर ती कोणत्याही वायुमापकाइतकी बोलते. बाहेरून घरात शिरल्यावरचा पहिला मिनिट सर्वांत मोलाचा, कारण त्यानंतर नाक थकते. तपासणाऱ्यानेही दर काही मिनिटांनी मोकळ्या हवेत जाऊन पुन्हा आत यावे. वासाचे वर्णनही दिशा दाखवते. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडकडे, म्हणजे सांडपाण्याकडे नेतो; कुबट वास बुरशीकडे; आणि मासळी शिजत नसताना स्विचबोर्डाजवळ येणारा मासळीसारखा वास तापलेल्या वायरीच्या किंवा प्लगच्या प्लास्टिककडे नेतो, तेव्हा तपास थांबवून आधी वीजपुरवठा बंद करायचा असतो. वाऱ्याच्या नोंदीवरून वास मुळात इमारतीचा आहे की बाहेरचा, हेही ठरते. १९२७ पासून चालत आलेल्या देवनारच्या कचराभूमीलगतच्या वस्त्यांत किंवा नाल्याकाठच्या इमारतींत हा प्रश्न प्रथम सोडवल्याशिवाय फरशी उखडायला घेऊ नये.

कोकणपट्टीत आणि विशेषतः मुंबईत सांडपाण्याखालोखाल दुर्गंधाचे कारण ओल. ओला झालेला कागद, लाकूड किंवा जिप्सम बोर्ड चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळला नाही तर त्यावर बुरशी धरू लागते, आणि तिच्यातून निघणाऱ्या वायुरूप द्रव्यांमुळे खोलीला कुबट वास येतो. त्यांपैकी जिओस्मिन हे द्रव्य पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या गंधातही असते. शेतात सुखावणारा तो गंध कपाटात आला की धोक्याची सूचना ठरतो. ओल कोठून येते याचे उत्तर मात्र सरसकट ‘गळती’ असे नसते. वरच्या न्हाणीघरातून गळती असेल तर तेथील फरशीवर रंगीत पाणी चोवीस तास साठवून खाली रंग उतरतो का हे पाहता येते. बाहेरच्या भिंतीच्या चिरांतून पाणी मुरत असेल तर डाग पावसाच्या सरींबरोबर वाढतो. परंतु अलीकडच्या घरांत तिसराच प्रकार वाढला आहे. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, २४ ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. शयनगृहाचे वातानुकूलन १८-२० अंशांवर रात्रभर चालले की मधली भिंत या दवबिंदूहून थंड होते, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, जेथे खिडकी उघडी आहे आणि पावसाळी हवा खेळते आहे, तेथे कपाटाच्या पाठीमागे पाणी सुटते. गळती शोधत प्लंबर भिंत फोडतो आणि आत कोरडा नळ सापडतो. येथे उपाय यंत्राचे तापमान २५-२६ अंशांवर नेणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे हाच आहे. बुरशीवरच तेलरंग देण्याचा प्रकार सर्वत्र चालतो, आणि त्याने ओल आत कोंडून रंग फुगतो व पोपडे धरतो; मूळ पाणी थांबवल्याशिवाय केलेली कोणतीही रंगरंगोटी म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

दुर्गंधाच्या तक्रारींत एक मोठा गट असा असतो की ज्यात शोधण्यासारखा उगम नसतोच. माणसे हाच उगम असतो आणि त्रुटी असते ती हवा बदलण्याची. म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली असे दाखवले की खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भाग, म्हणजे दशलक्षात १,००० भाग, याच्या पुढे गेले की बाहेरून येणाऱ्याला ती हवा कोंदट वाटते. तेवढ्या प्रमाणात तो वायू स्वतः विषारी नसतो. माणसांच्या शरीरातून निघणाऱ्या इतर द्रव्यांचे प्रमाण त्याच्या बरोबरीने वाढते, म्हणून तो केवळ मापनाचा दर्शक. आज बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० भाग आहे. दहा फूट बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते, आणि झोपलेली दोन माणसे मिळून तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली पूर्ण बंद असेल तर प्रमाण दर तासाला दशलक्षात ७०० ते ८०० भागांनी चढते, म्हणजे पेटेनकोफरची मर्यादा पहिल्या तासातच ओलांडली जाते. भिंतीवरचे स्प्लिट वातानुकूलन यंत्र ताजी हवा आणते असा समज फार पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. ते खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा थंड करते. हाताच्या पंजाएवढा कार्बन डायऑक्साइड मापक खोलीत ठेवला तर माणसे बाहेर गेल्यावर वाढीव प्रमाण निम्मे व्हायला किती वेळ लागतो यावरून हवा किती वेगाने बदलते तेही काढता येते. एक तास लागत असेल तर खोलीची हवा तासाला जेमतेम ०.७ पट बदलते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाअखेरपर्यंत कार्यालयांच्या ज्या शेकडो तपासण्या केल्या, त्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी मुख्य दोष अपुरे वायुवीजन हाच निघाला.

मुंबईने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर बोट ठेवले आणि पुढे प्रकाश-हवेसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करू नये, म्हणजेच समोरची मोकळी जागा त्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी, असा त्याचा सरळ अर्थ होता. शतकानंतर मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या त्या अवघ्या काही मीटर अंतराने, आणि डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासात तेथील खालच्या मजल्यांवरचा उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला. हे ज्ञान शहराच्या दप्तरात शंभर वर्षे पडून असताना अशा इमारतींना परवानगी मिळाली, याचे दुःख कोणाही नागरिकाला व्हावे. अशा घरातील रहिवाशाला खिडकी उघडण्याचा सल्ला देऊन काही साधत नाही, कारण खिडकीबाहेरही साचलेलीच हवा असते.

नव्या सजावटीचा उग्र दर्प हा स्वतंत्र विषय आहे. प्लायवूड आणि एमडीएफ जोडणाऱ्या युरिया फॉर्माल्डिहाइड राळेतून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्महिने सुटत राहतो, आणि उष्णता व दमटपणा वाढला की अधिक सुटतो. म्हणून हिवाळ्यात बसवलेल्या कपाटाची तक्रार पावसाळ्यात येते. न वाळलेल्या काँक्रीटवर व्हिनाइलची चादर चिकटवली तर काँक्रीटमधला अल्कधर्मी ओलावा व्हिनाइलमधील मऊपणा आणणारी द्रव्ये विघटित करतो आणि त्यातून एक जड, गोडसर वास निघतो, जो चादर कितीही धुतली तरी जात नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही या यादीत मोडतात. नॅफ्थलीनच्या वाफा जी६पीडी या विकराची उणीव असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तपेशी नष्ट करू शकतात, तेव्हा गोळ्यांसह ठेवलेली दुपटी थेट बाळाला गुंडाळू नयेत.

ज्याला वास नाही ते निर्धोक, असे मात्र कधीही समजू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की तो वायू नाकाची संवेदनाच बधिर करतो. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत उतरलेल्या माणसाला वास येईनासा होतो तो क्षण मृत्यूच्या जवळचा असतो, आणि म्हणून कोणत्याही तपासात कोणालाही त्यात उतरवू नये. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तर मुळातच गंधहीन. ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि महाराष्ट्रात हिवाळ्यात दरवर्षी त्याचे बळी गेल्याच्या बातम्या येतात. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सासच्या न्यू लंडन गावी शाळेत साठलेल्या गंधहीन नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर अशा वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळणे सक्तीचे होत गेले. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. तो दुर्गंध राखणेच सुरक्षिततेचे आहे.

उपायांचा क्रम तपासाच्या क्रमावरून ठरतो. उगम दूर करता आला तर तो दूर करावा. नाही तर वाट बुजवावी, म्हणजे नळांमधल्या फटींना रबरी वायसर किंवा सीलंट, वातानुकूलनाच्या नळीला स्वतंत्र ट्रॅप. त्यानंतर दाब सुधारावा, म्हणजे चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. उरलेल्यासाठी ताज्या हवेची भर घालावी, आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राकडे सर्वांत शेवटी वळावे. अशा यंत्रातील हेपा गाळणी धूलिकण अडवते, वायू अडवत नाही. सक्रिय कोळशाचा थर वायू शोषतो, पण भरला की निरुपयोगी होतो. ओझोन सोडणारी यंत्रे तर वापरूच नयेत, कारण ओझोन फुप्फुसांना इजा करतो आणि सुगंधी फवाऱ्यातील लिंबूवर्गीय द्रव्यांशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड तयार करतो.

दुरुस्तीनंतर तक्रार लगेच बंद समजू नये. ज्या परिस्थितीत वास येत असे ती परिस्थिती, म्हणजे तेच पंखे चालू, त्याच खिडक्या बंद, रात्रीची तीच वेळ, मुद्दाम पुन्हा निर्माण करून उदबत्तीची चाचणी करावी लागते, आणि ओलीच्या बाबतीत पूर्ण एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो. नोंदवही त्या काळातही चालू राहावी, आणि कोणता नळ कोठून गेला आहे, कोणती फट केव्हा बुजवली याचा आराखडा गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात जावा. कार्यकारिणी बदलते, प्लंबर बदलतो, आणि नोंद नसली की भिंतीआडचा नळ शोधण्यासाठी पुढच्या माणसाला पुन्हा भिंत फोडावी लागते.